समुद्र घरी आणणारा निसर्ग-अभ्यासक

दिवाणखान्यातील काचेची पेटी, तीत खारे पाणी, प्रवाळाच्या खडकावर संथपणे डोलणारे समुद्रफूल आणि त्याच्या विषारी संस्पर्शकांत निर्धास्त वावरणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि हे दृश्य जगभरच्या शहरी घरांच्या परिचयाचे झाले. मात्र जिवंत समुद्र घरात ठेवण्याची ही हौस त्याहून कितीतरी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, विजेचा पंप, हीटर वा फिल्टर यांपैकी काहीही उपलब्ध नसताना, एका इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने समुद्रफुले घरात जगवून दाखविली आणि ती कशी जगवावीत हे सामान्य वाचकांना शिकविले. त्याचे नाव फिलिप हेन्री गॉस. ज्या किनाऱ्यावर त्यांनी जिवापाड प्रेम केले, तो किनारा त्यांच्याच पुस्तकांच्या लोकप्रियतेने ओस पडत गेला, ही त्यांच्या आयुष्याची शोकांतिका ठरली.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील थॉमस गॉस हे गावोगाव हिंडून लघुचित्रे रंगविणारे चित्रकार होते. उत्पन्न बेताचे आणि अनिश्चित. कुटुंब डॉर्सेट परगण्यातील पूल या बंदरगावी स्थायिक झाले आणि फिलिप यांचे बालपण समुद्राच्या सान्निध्यात गेले. सुसान बेल या आत्याने त्यांना कीटकांचे व समुद्रजीवांचे निरीक्षण करण्याची गोडी लावली. वडिलांकडून त्यांनी बारीक कुंचल्याने सूक्ष्म तपशील टिपण्याची कला उचलली. पुढे त्यांच्या पुस्तकांतील चित्रांना जी कीर्ती मिळाली, तिचे मूळ या घरगुती शिक्षणात होते.

महाविद्यालयीन शिक्षण मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. पंधराव्या वर्षीच त्यांनी पूल येथील एका व्यापारी पेढीत कारकुनी पत्करली. १८२७ मध्ये ते न्यूफाउंडलंडमधील कार्बोनियर या बंदरात कारकून म्हणून गेले. तेथे आठ वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिता लिहिता ते कीटकशास्त्र शिकले. १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकाविषयीचे एक जुने पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि निरीक्षण हाच त्यांचा ध्यास बनला. त्याच वर्षी त्यांची धर्मश्रद्धा अत्यंत उत्कट झाली. विज्ञान आणि श्रद्धा हे दोन प्रवाह त्यांच्या आयुष्यात तेव्हापासून अखेरपर्यंत बरोबरीने वाहत राहिले.

१८३५ मध्ये त्यांनी कॅनडात शेती करून पाहिली. ती तीन वर्षांत फसली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात त्यांनी काही महिने शिक्षकाची नोकरी केली. तेथील गुलामगिरी पाहून ते व्यथित झाले आणि १८३९ मध्ये मायदेशी परतले. कॅनडातील निरीक्षणांवर आधारित त्यांचे पुस्तक १८४० मध्ये प्रसिद्ध झाले. १८४४ ते १८४६ या काळात ते जमैकात राहिले. तेथील पक्ष्यांवरील त्यांच्या ग्रंथाने अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. १८४८ मध्ये त्यांनी एमिली बाउझ यांच्याशी विवाह केला. एमिली स्वतः धार्मिक विषयांवरील लेखिका होत्या. १८४९ मध्ये पुत्र एडमंड याचा जन्म झाला. संसार लेखणीवर चालत असल्याने गॉस रात्रंदिवस लिहीत आणि या अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. हवापालटासाठी १८५२ च्या प्रारंभी हे कुटुंब डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर गेले.

या आजारपणाने गॉस यांच्या आयुष्याला नवे वळण दिले. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खोलगटांत साचणारी स्वच्छ पाण्याची डबकी त्यांनी न्याहाळायला सुरुवात केली. लाल, हिरवी, जांभळी, ठिपकेदार समुद्रफुले त्या डबक्यांच्या कडांना चिकटलेली असत. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे. तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांवर सूक्ष्म दंशपेशी असतात. त्यांच्या साह्याने तो भक्ष्य बधिर करून गिळतो. पाणी ओसरले की तो अंग आक्रसून मांसल गोळ्यासारखा होतो आणि भरती आली की पुन्हा उमलतो. गॉस यांचे कुतूहल इतके की, एका जातीची समुद्रफुले त्यांनी शिजवून खाऊनही पाहिली आणि तो अनुभव पुस्तकात नोंदविला.

हे जीव घरी आणावेत, तर एक-दोन दिवसांत पाणी नासे आणि सारे मरून जात. या प्रश्नाशी इतरही झुंजत होते. लंडनमध्ये ॲना थिन या महिलेने १८४६ पासून प्रवाळ जिवंत ठेवले होते. त्यासाठी उघड्या खिडकीपाशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतावे लागे आणि ते काम घरातील मोलकरीण करी. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसवून दाखविला होता. हेच तत्त्व गॉस यांनी खाऱ्या पाण्याला लावले. वाढते शैवाल चिकटलेला दगडाचा तुकडाच छिन्नीने काढून भांड्यात ठेवायचा. प्रकाशात शैवाल प्राणवायू सोडते आणि तो प्राण्यांना मिळतो. जीव मोजकेच ठेवायचे आणि मेलेला जीव तत्काळ बाहेर काढायचा. मग पाणी न बदलताही ते आठवडेच्या आठवडे निर्मळ राहते, असे त्यांना आढळले.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. त्यासाठी समुद्रजीव गोळा करून देण्यात गॉस यांचा मोठा वाटा होता. १८५४ मध्ये त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक रंगीत शिळाछापाच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. पाणवनस्पतींच्या कुंडासाठी वापरला जाणारा हा लॅटिन शब्द त्यांनी जलचरांच्या काचपेटीसाठी रूढ केला. आज मराठीतही सर्रास वापरला जाणारा ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो मुख्यतः या पुस्तकामुळे.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची अडचणही गॉस यांनी सोडविली. साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार ठराविक प्रमाणात पाण्यात विरघळवून त्यांनी कृत्रिम समुद्रजल तयार केले. त्यात आधी शैवाल सोडून काही दिवस वाट पाहायची आणि मगच प्राणी आणायचे, हा त्यांचा दंडक होता. पेटी मुरू द्यावी, घाई करू नये, असे आजचे जाणकार नवख्यांना सांगतात ते याच धर्तीचे. त्यामागचे एक कारण गॉस यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. प्राण्यांच्या उत्सर्गातून निर्माण होणारा विषारी अमोनिया पेटीतील जीवाणू टप्प्याटप्प्याने निरुपद्रवी करतात आणि ते जीवाणू वाढण्यास आठवडे लागतात. रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्रादस्की यांनी असे जीवाणू १८९० मध्ये वेगळे करून दाखविले. तेव्हा गॉस यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.

पुस्तक हातोहात खपले. १८५५ मध्ये गॉस यांनी घरगुती मत्स्यालयासाठी छोटी मार्गदर्शिकाही लिहिली. काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेने किनारा जवळ आणला होता. इल्फ्राकोम येथे गॉस स्वतः हौशी स्त्री-पुरुषांचे वर्ग घेऊन त्यांना खडकांवर हिंडवीत. लंडनमध्ये समुद्रजीव आणि समुद्राचे पाणी विकणारी दुकाने निघाली. पुढे जॉर्ज एलियट या नावाने विख्यात झालेली लेखिकाही १८५६ मध्ये जॉर्ज हेन्री ल्यूइस यांच्यासमवेत समुद्रफुले शोधण्यासाठी इल्फ्राकोमला गेली होती. त्याच वर्षी गॉस यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

यशाच्या या शिखरावरच दुःखाने त्यांना गाठले. एमिली यांना स्तनाचा कर्करोग झाला आणि वेदनादायी उपचारांनंतर फेब्रुवारी १८५७ मध्ये त्यांचे निधन झाले. आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन गॉस डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. त्याच वर्षी त्यांचे ‘ओम्फालॉस’ प्रसिद्ध झाले. वृक्षांची वलये असोत वा खडकांतील जीवाश्म, सृष्टी निर्माण होतानाच तीत जुनेपणाच्या खुणा घातलेल्या होत्या, असे त्यात प्रतिपादन होते. बायबल आणि भूशास्त्र यांचा समेट घडविण्याचा तो प्रयत्न होता. पण तो ना शास्त्रज्ञांना पटला, ना धार्मिकांना. स्नेही चार्ल्स किंग्जले यांनीही तो नाकारला. विज्ञानाच्या इतिहासात गॉस यांचे नाव पुढे बराच काळ याच पुस्तकावरून उपहासाने घेतले गेले.

या दुहेरी आघातातून त्यांना सावरले ते समुद्रफुलांनी. ब्रिटिश समुद्रफुले आणि प्रवाळ यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८५८ पासून भागाभागाने निघाला आणि १८६० मध्ये पूर्ण झाला. छातीइतक्या पाण्यात उतरून ते नमुने गोळा करीत. सोबत लहानगा एडमंड असे. ब्रिटिश यादीत नव्याने दाखल झालेली एक जाती या मुलानेच शोधली होती. शंखात राहणारा एक खेकडा आपल्या शंखावरील समुद्रफुलाला नव्या शंखावर नेतो, हे गॉस यांनी घरच्या पेटीत पाहून १८५९ मध्ये नोंदविले. समुद्रफूल आणि विदूषक मासा यांच्यासारखेच हे सहजीवन थंड समुद्रातले. ‘एप्टेशिया’ या समुद्रफुलांच्या प्रजातीलाही १८५८ मध्ये त्यांनीच नाव दिले. घरगुती प्रवाळ मत्स्यालयात नकळत शिरणारा आणि वेगाने पसरणारा उपद्रवी जीव म्हणून हे नाव आज प्रत्येक हौशी माणसाला ठाऊक असते. प्रवाळांच्या विरंजनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत मात्र त्याच गटातील समुद्रफूल मोलाचे साधन ठरले आहे.

दरम्यान किनाऱ्यावर वेगळेच घडत होते. छिन्न्या आणि बरण्या घेतलेल्या हौशी लोकांच्या झुंडी खडकांवर उतरल्या. गॉस यांनी सांगितलेला मोजकेपणा आणि धीर फार थोड्यांनी अंगी बाणविला. बहुतेकांच्या पेट्या काही दिवसांत नासत आणि रिकाम्या जागी पुन्हा नवे जीव आणले जात. समुद्रफूल हा अत्यंत दीर्घायुषी प्राणी आहे. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले ‘ग्रॅनी’ नावाचे समुद्रफूल एडिनबरोत १८८७ पर्यंत, म्हणजे मूळ मालकाच्या मृत्यूनंतरही ३६ वर्षे जगले. असे जीव ओरबाडल्यावर ती जागा सहजी कशी भरून निघणार? गॉस यांची आवडती डबकी काही वर्षांतच उजाड झाली. या हानीला आपली पुस्तके कारणीभूत झाली, याची जाणीव त्यांना त्यांच्या हयातीतच झाली आणि तिने त्यांना फार क्लेश दिले, असे एडमंड यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात नमूद केले आहे.

१८६० मध्ये गॉस यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. साठीच्या दशकात मत्स्यालयाची लाट ओसरली. पुढे ते ऑर्किडच्या संवर्धनात रमले; त्याविषयी चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारही झाला. उत्तरायुष्यात सूक्ष्म जलजीवांवरील एका मोठ्या ग्रंथात त्यांनी सहलेखक म्हणून भर घातली. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज विदूषक माशांची पैदास बंदिस्त टाक्यांत होते. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. मात्र त्या माशांना आसरा देणारी उष्ण कटिबंधातील समुद्रफुले बाजारात येतात ती अजूनही मुख्यतः समुद्रातून काढलेलीच. ती जगविण्यासाठी तीव्र प्रकाश, स्थिर तापमान आणि मुरलेली पेटी लागते. नवख्यांच्या हाती ती अनेकदा अल्पावधीत मरतात. गॉस यांच्या काळात जो हिशेब चुकला, तोच येथे पुन्हा मांडला जात आहे. काचेपलीकडचा समुद्र पाहून माणसाला खऱ्या समुद्राविषयी आस्था वाटू लागते, हे गॉस यांनी सिद्ध केले. ती आस्था पेटीत नवा जीव आणण्यापूर्वी हात आवरण्यापर्यंत पोहोचली, तरच किनाऱ्यावर काही शिल्लक राहते, हा धडा त्यांच्या आयुष्याने दिला.