सुटलेला अभ्यास पुन्हा धरणारे बद्रुद्दीन तय्यबजी

जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणारे आपण बरेच जण सकाळी सीएसएमटीला उतरतो. बॅग सांभाळत बाहेर येतो, टॅक्सी शोधतो आणि रस्त्यापलीकडच्या जुन्या दगडी इमारतीकडे न बघताच पुढे निघून जातो. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. १८९३ पासून ती तिथे उभी आहे. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात तर दोन मिनिटं थांबा आणि ही शाळा उभी करण्यात पुढाकार कोणाचा होता ते त्यांना सांगा. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

आज त्यांच्याबद्दल लिहायला एक कारण आहे. दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पेढे येतात. मुलगा सायन्सला गेला, मुलगी सायन्सला गेली म्हणून अम्मी-अब्बा खूश असतात. मग दिवाळी येते, पहिल्या परीक्षेचे मार्क येतात आणि तेच पालक पुन्हा आमच्याकडे येतात. या वेळी पेढे नसतात. सर, जमत नाही म्हणतो, आर्ट्सला टाकून देऊ का? कोणी म्हणतं, मॅथ्स तेवढं काढून टाकता येईल का? कॉमर्सवाल्यांचंही तेच. गणित सोडून एसपी घेऊ का? आर्ट्सला जाण्यात कमीपणा काहीच नाही. आवडीने गेलेली मुलं तिथेही नाव काढतात. पण घाबरून पळालेलं मूल पुढे कुठेही गेलं तरी ती भीती सोबत घेऊन जातं. म्हणून ही गोष्ट.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा, मुंबईचा. वडील मुल्ला तय्यब अली. घराणं मूळ खंभातकडचं, सुलेमानी बोहरा, व्यापार करणारं. त्या काळी इंग्रजी शिकलेला मुलगा दीनपासून दूर जातो, अशी भीती आपल्या लोकांच्या मनात पक्की होती. मुंबईत १८५७ मध्ये विद्यापीठ निघालं, पण त्यात मुसलमान मुलं बोटावर मोजण्याइतकी. अशा वेळी तय्यब अलींनी आपल्या मुलांना शिकायला युरोपात पाठवायचं ठरवलं. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांनाही पडला असेलच. तरी त्यांनी पाठवलं.

बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले आणि मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. म्हणजे आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांना अकरावीत जो धक्का बसतो, तो त्यांनाही बसला असणार. आमची मुलं दहावीपर्यंत जौहर आणि सालमा शिकतात आणि अकरावीच्या वर्गात बसली की एकदम ॲटम आणि मॉलिक्यूल कानावर पडतात. वस्तू तीच, नाव बदललेलं. पण पहिले तीन-चार महिने मुलाला वाटतं की आपल्याला काहीच येत नाही. प्रत्यक्षात त्याला विषय येत असतो, फक्त भाषा नवी असते.

१८६० मध्ये, वयाची सोळा वर्षं पुरी व्हायच्या आधीच, बद्रुद्दीन इंग्लंडला गेले. थोरले भाऊ कमरुद्दीन त्यांच्या आधी तिथे शिकले होते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. धाकट्याने बॅरिस्टर व्हावं, ही वाट त्यांच्यामुळेच दिसली. घरात आधी एक जण चालून गेलेला असला की मागच्याला रस्ता सापडतो. आपल्याकडे बहुतेक घरांत असा पहिला माणूसच नसतो. ही अडचण खरी आहे आणि तिच्याकडे आम्ही पुढे येतोच.

लंडनमध्ये त्यांनी आधी शाळेत शिक्षण घेतलं आणि लंडन विद्यापीठाची मॅट्रिक पास केली. १८६३ मध्ये विद्यापीठात आणि बॅरिस्टरकीसाठी मिडल टेंपलमध्ये नाव घातलं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. आणि मग डोळ्यांनी दगा दिला.

डोळ्यांचा त्रास त्यांना आधीपासून होता आणि त्यासाठी युरोपात इलाजही झाला होता. आता तो इतका वाढला की वाचणं अवघड झालं. कायद्याचा अभ्यास म्हणजे जाडजूड पुस्तकं, बारीक छपाई, संध्याकाळनंतर दिव्याचा उजेड. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावं लागलं. वय वीस वर्षं. हातात पदवी नाही, सनद नाही.

हा प्रसंग आम्ही वर्गात सांगतो तेव्हा इथे थांबतो आणि मुलांना विचारतो, तुम्ही काय केलं असतं? बहुतेक जण खरं बोलतात. दुकानावर बसलो असतो, म्हणतात. आणि बद्रुद्दीन यांच्या घरी दुकानदारी होतीच. घरच्या धंद्यात बसले असते तर कोणी नावही ठेवलं नसतं. आजारपणाचं कारण खरं होतं, कोणाला खोटं सांगायचीही गरज नव्हती. १८६५ मध्ये त्यांचं लग्नही झालं. संसार सुरू झाला, आता कसला अभ्यास, असं म्हणायला ते एक कारण पुरेसं होतं.

पण त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले. मिडल टेंपलमधला अर्धवट राहिलेला अभ्यास पुन्हा हाती घेतला आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मधलं जवळपास एक वर्ष गेलं, पण तेवढंच गेलं.

आपल्या मुलांना हे वर्ष सांगणं आम्हाला सगळ्यात गरजेचं वाटतं. मोठ्या माणसांची चरित्रं आपण अशी सांगतो की जणू ती जन्मल्यापासून पहिल्याच नंबरात होती. मग पहिल्या टेस्टमध्ये फिजिक्सला पस्तीसच्या खाली गेलेलं मूल समजतं की आपण त्या जातकुळीतले नाही. बद्रुद्दीन यांनाही अभ्यास सोडावा लागला होता. ते परत गेले, म्हणून आज त्यांचं नाव घ्यायला कारण उरलं.

डिसेंबर १८६७ मध्ये ते मुंबईत आले. मुंबई हायकोर्ट तेव्हा नवंच होतं, १८६२ मध्ये सुरू झालेलं. बॅरिस्टरांच्या रांगेत सगळे इंग्रज. त्यात हा तेवीस वर्षांचा मुसलमान तरुण, मुंबई हायकोर्टातला पहिला हिंदी बॅरिस्टर. तेव्हाच्या पद्धतीत पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे, मध्ये सॉलिसिटर लागायचा आणि काम कोणाला द्यायचं हे तो ठरवायचा. इंग्रजांची सवय असलेल्या कोर्टात देशी माणसावर भरवसा बसायला वेळ लागतो. तो वेळ त्यांनी दिला आणि काही वर्षांत मुंबईच्या नामांकित वकिलांमध्ये त्यांची गणना होऊ लागली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेत निवडून गेले. १८८२ मध्ये कायदेमंडळावर नेमणूक झाली. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासोबत त्यांनी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, तिघेही कायद्याचे. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष तेच. १८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, त्या खुर्चीवर बसणारे पहिले मुसलमान. १९०२ मध्ये काही काळ मुख्य न्यायमूर्तींचं कामही त्यांनी पाहिलं.

१८९७ ची एक हकिकत खानदेशातल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी. लोकमान्य टिळकांवर केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोहाचा खटला भरला गेला. जामीन आधी नाकारला गेला होता. नंतर अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींसमोर आला आणि त्यांनी तो मंजूर केला. इंग्रज सरकारला हे आवडणार नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कायदा काय सांगतो हे त्यांना सरकारपेक्षा कमी माहीत नव्हतं, म्हणून त्यांना तसं करता आलं. अवघड अभ्यास पुरा केलेल्या माणसाच्या शब्दाला वजन कसं येतं, ते इथे दिसतं.

आता त्या दगडी इमारतीकडे परत येऊ. एवढं मिळवलेला माणूस आपल्या बंगल्यात सुखाने राहिला असता. पण बद्रुद्दीन यांना दिसत होतं की हायकोर्टात, कॉलेजात, सरकारी कचेरीत आपली मुलं नाहीत. थोरले भाऊ कमरुद्दीन, कोकणी व्यापारी नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि इतर काही जणांना सोबत घेऊन त्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली. १८८० मध्ये तिची शाळा निघाली. दीनी तालीम, उर्दू आणि त्यासोबत इंग्रजी, गणित, बाकीचे विषय. घरच्यांना मूल परकं होईल अशी भीती वाटू नये आणि मुलाला पुढच्या परीक्षेचं दारही बंद होऊ नये, अशी ती सोय होती. मुलींच्या शिक्षणाबाबतही ते आपल्या काळाच्या पुढे होते. सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरातून केली, आपल्या मुलींना शाळेत घातलं.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्येच त्यांचं निधन झालं. अंजुमन मात्र चालू राहिली आणि आज तिच्या कितीतरी शाळा आणि कॉलेजं आहेत.

इथे काही वाचक म्हणतील, तय्यबजींकडे पैसा होता. आमचा मुलगा मेहरूणचा, बाप चटईच्या कारखान्यात. किंवा धुळ्याचा, बाप पावरलूमवर. त्याची आणि बॅरिस्टरची काय बरोबरी? हे म्हणणं खरं आहे आणि आम्ही ते टाळत नाही. जहाजाचं तिकीट पैशाने निघालं. पण दुखऱ्या डोळ्यांनी पुस्तक उघडण्याचं काम पैशाने झालं नाही, ते त्यांनाच करावं लागलं. आणि एक गोष्ट आपल्याकडे आज आहे जी तेव्हा नव्हती. लंडनला जावं लागत नाही. जळगावात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, विद्यापीठ आहे. धुळ्यातही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. वाट एसटीच्या पासाएवढी जवळ आली आहे. पण त्या दारापर्यंत जायला बारावीला ते विषय हातात लागतात. गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं, एनडीएतून नौदल आणि हवाई दलात जायचा रस्ता गेला. बायोलॉजी सोडली की नीट गेली. पंधरा-सोळा वर्षांचं मूल एका वाईट निकालाच्या संध्याकाळी हे सगळं सोडून देतं आणि आपण म्हणतो, जाऊ दे, त्याची मर्जी.

घरात आधी शिकलेलं कोणी नाही, या अडचणीवर आम्ही शिक्षक म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, दिवाळीच्या मार्कांवर निर्णय घेऊ नका. वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा. भाषा बसायला तेवढा वेळ लागतोच. दोन, मोहल्ल्यात जो मुलगा किंवा मुलगी सायन्स पास होऊन पुढे गेली आहे, तिला आठवड्यातून दोन तास अकरावीच्या मुलांसोबत बसवा. प्रत्येक गल्लीला एक कमरुद्दीन हवा. मशिदीच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी दिवा आणि चार बाकं मिळाली तरी काम सुरू होतं. तीन, मुलींच्या बाबतीत कॉलेज लांब आहे हे कारण आधी नीट तपासा. दोन-तीन घरांनी मिळून जायची-यायची सोय केली तर ते कारण बहुतेक वेळा उरत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडची एक विद्यार्थिनी डिसेंबरात सायन्स सोडायचा अर्ज लिहून घेऊन आली होती. केमिस्ट्रीत नापास. अब्बांची सहीही झाली होती. आम्ही अर्ज ठेवून घेतला आणि म्हटलं, मार्चनंतर देऊ. त्याच दिवशी तिला बद्रुद्दीन यांचं ते मधलं वर्ष सांगितलं. मार्च गेला, एप्रिल गेला. ती आता बारावीत आहे, केमिस्ट्री अजूनही तिला कडूच लागते. पण अर्ज मागायला ती परत आली नाही. तो आमच्या कपाटात तसाच पडून आहे.

या वर्षी असे अर्ज आले तर तेही आम्ही ठेवून घेऊ. तुम्हीही तुमच्या घरी ठेवून घ्या. सही करायची घाई करू नका.