रामशास्त्री प्रभुणे यांचा धर्मनिर्णय

साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा जेथे संगम होतो, ते क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. घरची स्थिती बेताची असल्यामुळे ते तरुणपणी साताऱ्यास एका सावकाराच्या घरी आश्रित म्हणून राहिले. धन्याच्या पायांवर पाणी घालीत असता त्याच्या कानातील भिकबाळीकडे या मुलाची दृष्टी खिळली व पाण्याची धार चुकली. असा अलंकार विद्वानास किंवा वीरास मिळतो, पाणक्यास नव्हे, असा टोमणा तेव्हा त्यास ऐकावा लागला, अशी आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. तो टोमणा जिव्हारी लागला आणि त्याने काशीची वाट धरली. तेथे धर्मशास्त्राचे दीर्घ अध्ययन करून तो परतला तो पंडित होऊनच. इ. स. 1751 मध्ये शास्त्रीबुवा पेशव्यांच्या पदरी रुजू झाले आणि 1759 मध्ये पुण्याच्या मुख्य न्यायाधीशाचे पद त्यांच्याकडे आले.

ज्या शास्त्राच्या आधारे त्यांना निवाडे करावयाचे होते, त्या शास्त्रात धर्माची ओळख चार प्रकारांनी सांगितली आहे. वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि आपल्या अंतःकरणाचे समाधान, असा मनूने त्यांचा क्रम लावला आहे. यांपैकी पहिली दोन ग्रंथांत सापडतात, तिसरे समाजात आढळते आणि चौथे मनुष्याच्या आत वसते. नीतीचा उगम धर्मात की मानवसमाजात, असा वाद विद्वानांत पुष्कळ काळ चालत आला आहे. मनूने त्यांतील कोणतीच बाजू टाकून दिलेली नाही. मात्र ही चारही प्रमाणे एकमुखाने बोलत असतात तोवर कोणाचीच परीक्षा होत नाही. ती एकमेकांपासून फुटतात तेव्हा काय करावे, याचे उत्तर शास्त्रीबुवांच्या आयुष्यात दोन प्रसंगी पाहावयास मिळते.

पहिला प्रसंग थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीतला. तरुण माधवरावांस जपतपाची गोडी लागली आणि राज्याची कामे खोळंबू लागली. एके दिवशी शास्त्रीबुवा कामासाठी गेले असता पेशवे जपात निमग्न होते. शास्त्रीबुवा परत फिरले आणि त्यांनी काशीस जाण्याची आज्ञा मागितली. कारण विचारता त्यांनी स्पष्ट सांगितले की, ब्राह्मणाने राज्यकारभार पत्करला म्हणजे प्रजेचे रक्षण हेच त्याचे अनुष्ठान होय. ते जमत नसेल तर पेशव्यांनीही गादी सोडून गंगातीरी यावे आणि उरलेले आयुष्य तेथे तपात घालवावे. माधवरावांनी रोष धरला नाही. उलट आपला क्रम बदलला. येथे जपास कोणी नावे ठेवली नव्हती. दाराशी न्यायासाठी तिष्ठत असलेल्या माणसाचा हक्क देवघरातील आसनाखाली दडपला जाऊ नये, एवढाच त्यातील मुद्दा होता.

दुसरा प्रसंग याहून फार कठीण होता. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे माधवरावांचा अंत झाला आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा वध केला. चुलते रघुनाथराव पेशवे झाले आणि साताऱ्याहून त्यांना पेशवाईची वस्त्रेही मिळाली. राज्याचे गाडे चालू राहिले पाहिजे, म्हणून बहुतेकांनी तूर्त मौन धरले.

शास्त्रीबुवांनी चौकशी मात्र सोडली नाही. रघुनाथरावांच्या हुकुमाचा कागद पुढे त्यांच्या हाती लागला, असे ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने नोंदविले आहे. मुळातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करण्यात आले होते. हा फेरफार आनंदीबाईंनी केला, अशी समजूत पुढे रूढ झाली. आपण पकडण्यापुरताच हुकूम दिला होता, असे सांगून रघुनाथरावांनी आपल्या दोषास प्रायश्चित्त कोणते, असे विचारले.

या प्रश्नात शास्त्राची एक पळवाट दडलेली होती. नकळत घडलेल्या ब्रह्महत्येस मनूने बारा वर्षांच्या वनवासासारखी प्रायश्चित्ते सांगितली आहेत. बुद्ध्या केलेल्या हत्येस ती लागू पडत नाहीत, असेही तेथेच म्हटले आहे. शिवाय कठीण व्रताच्या जागी गोदान किंवा द्रव्यदान करण्याची प्रत्याम्नायाची सोय पुढील निबंधकारांनी मान्य केलेली होती. म्हणजे हत्या नकळत घडली एवढे मान्य करणारा शास्त्री भेटता, तर गाई आणि मोहरा यांवर सारे प्रकरण मिटण्याजोगे होते. तसे करताना ग्रंथातील एक अक्षरही खोटे ठरले नसते. खोटी ठरली असती ती घडलेली गोष्ट.

शास्त्रीबुवांनी ही वाट घेतली नाही. स्मृतींनी ब्राह्मणास राजाकडून होणाऱ्या वधदंडातून सूट दिली होती. परंतु प्रायश्चित्ताचे प्रकरण वेगळे, आणि त्यात देहान्त प्रायश्चित्ताचीही तरतूद होती. त्याच्या आधारे, या पापास देहत्यागावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांनी प्रत्यक्ष राज्यकर्त्याच्या तोंडावर सांगितला. या गृहस्थाच्या हाती सत्ता असेपर्यंत पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे बजावून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. एका दिवसापुरते लागेल त्याहून अधिक काही घरात साठवावयाचे नाही, हा त्यांचा नेम प्रसिद्ध आहे. उद्याचा शिधा ज्याच्या घरी नाही, त्यास राजाची अवकृपा कशाने भेडसावणार? व्रताचा खरा उपयोग अशा वेळी दिसून येतो.

पुढे समाजही जागा झाला. नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. 18 एप्रिल 1774 रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि रघुनाथरावांच्या हातून गादी गेली. परंतु बारभाईंना उभे राहण्यासाठी एका वारसाची आशा होती. शास्त्रीबुवा निघून गेले तेव्हा त्यांच्यापुढे असा कोणताही आधार नव्हता. 1777 मध्ये त्यांना सन्मानाने परत बोलावून मुख्य न्यायाधीशाचे पद देण्यात आले आणि 1789 मध्ये ते निवर्तले.

या चरित्रावरून शास्त्र स्वयंपूर्ण आहे असा अर्थ काढणे बरोबर होणार नाही. त्या काळच्या न्यायात जातीप्रमाणे दंड कमीअधिक होत असे, आणि ब्राह्मणाची वधदंडातून होणारी सुटका ग्रंथसंमत होती. शास्त्रीबुवांचे न्यायासनही त्याच व्यवस्थेतले होते. कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व 26 जानेवारी 1950 पासून भारताच्या संविधानाने सर्वांस लागू केले. ते समाजाने आपल्या अनुभवाने आणि दीनदुबळ्यांच्या लढ्याने मिळविले. तेथे समाजाने ग्रंथाला सुधारले, हे भाविकांनी मोकळेपणाने मानावे. त्यात धर्माची हानी नाही. 1773 मध्ये मात्र समाज गप्प होता, आणि ग्रंथातील वाक्याने त्यास लाजविले.

दोन्हींना एकमेकांची गरज आहे, आणि दोन्हींना अशा माणसाची गरज आहे की जो प्रसंगी आपले नुकसान सोसून खरे ते बोलेल. त्या वेळी पुण्यात धर्मशास्त्र जाणणारे विद्वान थोडे नव्हते. तीच वचने त्यांनाही मुखोद्गत होती, तोच समाज त्यांच्याही भोवती होता. मनूने अंतःकरणाच्या समाधानास शेवटचे स्थान दिले आहे. आधीच्या तिहींचा संस्कार झालेल्या मनाचे ते समाधान आहे. मनास येईल ते करणे असा त्याचा अर्थ नव्हे. गाई व मोहरा यांचा हिशेब मांडून रामशास्त्र्यांना ते समाधान लाभले नसते. म्हणून त्यांनी न्यायासन सोडले आणि ते वाईच्या वाटेस लागले.