पुरावा पुरेसा कधी होतो?

नवे औषध जुन्यापेक्षा खरोखर चांगले आहे का, हे ठरवण्यासाठी ते किती रुग्णांना देऊन पाहावे? मोजक्याच रुग्णांवर विसंबले तर योगायोगाने फसगत होऊ शकते. चाचणी लांबवत राहिले, तर तेवढे अधिक रुग्ण कमी गुणाच्या उपचारावर अडकून पडतात. या पेचावर नेमके गणिती उत्तर देणारे अब्राहम वाल्ड वैद्यकशास्त्राशी संबंधित नव्हते. त्यांच्यापुढे प्रश्न आला तो तोफगोळ्यांच्या चाचणीचा.

वाल्ड यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०२ रोजी तेव्हा हंगेरीत आणि आज रुमानियात असलेल्या क्लुज या शहरात, एका धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात झाला. शाळा शनिवारी भरे आणि ज्यूंसाठी तो विश्रांतीचा पवित्र दिवस. त्यामुळे त्यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. १९३१मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. मात्र ज्यू असल्याने विद्यापीठात नोकरी मिळणे अशक्य होते. अर्थशास्त्राच्या एका संशोधन संस्थेत काम करून त्यांनी गुजराण केली. १९३८मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि वाल्ड अमेरिकेला निघून गेले. त्यांचे आई-वडील आणि घरातले बहुतेक जण पुढे नाझींच्या नरसंहारात बळी पडले.

अमेरिकेत ते संख्याशास्त्राकडे वळले. या शास्त्रात येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३मध्ये एक चौकट घालून दिली होती. दोन परस्परविरोधी शक्यता समोर असतील, तर चूक दोन प्रकारे होते : औषध निरुपयोगी असताना गुणकारी ठरवणे, किंवा गुणकारी असताना नाकारणे. या दोन्ही चुका किती चालतील हे आधी ठरवायचे, त्यावरून नमुन्यांची संख्या काढायची आणि तेवढे नमुने तपासून झाल्यावरच निर्णय द्यायचा, अशी ही पद्धत होती.

दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठात लष्करासाठी काम करणारा संख्याशास्त्रज्ञांचा गट होता. वाल्ड त्यात होते. दारूगोळ्याच्या चाचणीत ठरलेली संख्या पूर्ण होईपर्यंत हजारो फैरी झाडाव्या लागत. अनुभवी अधिकाऱ्याला मात्र निकाल कितीतरी आधी दिसू लागे, अशी नौदलातून तक्रार आली. ॲलन वॉलिस आणि मिल्टन फ्रीडमन यांनी १९४३मध्ये हा प्रश्न वाल्ड यांच्यापुढे ठेवला. आधी साशंक असलेल्या वाल्ड यांनी थोड्याच दिवसांत उत्तर काढले.

समजा, जुन्या उपचाराने १००पैकी ५० रुग्ण बरे होतात आणि नव्याने ७० होतील असा दावा आहे. वाल्ड यांच्या रीतीने १ या आकड्यापासून सुरुवात करायची. रुग्ण बरा झाला की आकड्याला १.४ने गुणायचे, कारण ७० भागिले ५० म्हणजे १.४. बरा झाला नाही तर ०.६ने गुणायचे, कारण ३० भागिले ५० म्हणजे ०.६. निरुपयोगी औषध स्वीकारण्याची चूक शंभरात ५ वेळा आणि गुणकारी औषध नाकारण्याची चूक शंभरात १० वेळा चालणार असेल, तर आकडा १८च्या वर गेल्यावर दावा मान्य करायचा आणि सुमारे ०.१च्या खाली आल्यावर फेटाळायचा. मधे असेल तर पुढचा रुग्ण तपासायचा. ओळीने नऊ रुग्ण बरे झाले तर चाचणी तिथेच संपते. ओळीने पाच जणांना गुण आला नाही, तरीही संपते. जुन्या रीतीने इथे सुमारे ५० रुग्ण लागतात. नवे औषध खरोखर तितके गुणकारी असेल, तर वाल्ड यांच्या रीतीने सरासरी तिसाच्या आत काम होते.

हीच चाचणी ५० विरुद्ध ५५ अशा दाव्यासाठी घेतली, तर मात्र सरासरी पावणेपाचशेच्या घरात रुग्ण लागतात. दोन शक्यता एकमेकींपासून जितक्या दूर, तितका निर्णय लवकर. हे अंतर मोजणारे माप सोलोमन कुलबॅक आणि रिचर्ड लीब्लर यांनी १९५१मध्ये मांडले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वाल्ड यांच्या सरासरीच्या सूत्रात तीच राशी आधीपासून होती.

युद्धकाळात हे संशोधन गुप्त राहिले. १९४७मध्ये त्यावर वाल्ड यांचे पुस्तक आले. चुकांचे प्रमाण तेच ठेवले, तर सरासरीने याहून कमी नमुन्यांत निर्णय देणारी रीत असूच शकत नाही, हे त्यांनी जेकब वुल्फोविट्झ यांच्यासह १९४८मध्ये सिद्ध केले.

भारत सरकारच्या निमंत्रणावरून वाल्ड पत्नी लुसिल यांच्यासह व्याख्यानांसाठी भारतात आले होते. १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरात त्यांचे विमान कोसळले आणि दोघांचाही मृत्यू झाला. वाल्ड अवघे ४८ वर्षांचे होते.

त्यांची पद्धत वैद्यकात रुजवण्याचे काम ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ पीटर आर्मिटेज यांनी केले. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९६०मध्ये निघाले. ठरावीक संख्येच्या चाचणीत मधूनमधून निकालात डोकावून सोयीच्या वेळी थांबले, तर निरुपयोगी औषध गुणकारी ठरण्याचा धोका वाढत जातो. वाल्ड यांच्या रीतीत प्रत्येक रुग्णागणिक पाहणे आधीच हिशेबात धरलेले असते. आज मोठ्या औषध चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समित्या मधल्या टप्प्यांवर आकडे तपासतात आणि आधी आखलेली सीमा ओलांडली गेली की चाचणी थांबवण्याची शिफारस करतात. औषध गुणकारी ठरले तर ते इतरांना लवकर मिळते. घातक किंवा निष्प्रभ ठरले तर पुढचे रुग्ण वाचतात.