प्रा. आर्मिस्टेड प्राइड : कृष्णवर्णीय वृत्तपत्रांचे इतिहासकार

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, मार्च 1827 मध्ये, सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी न्यूयॉर्क येथे 'फ्रीडम्स जर्नल' काढले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ते पहिले वृत्तपत्र. दक्षिणेत गुलामगिरी चालू असताना आपली बाजू आपणच मांडावी, या निर्धाराने ते निघाले आणि दोन वर्षांतच बंद पडले. अशा अल्पायुषी पत्रांचा माग काढण्यात ज्यांनी आपली विद्वत्ता वेचली, ते प्रा. आर्मिस्टेड स्कॉट प्राइड (1906–1991) अमेरिकेच्या पत्रकारिताविश्वात नामवंत असले, तरी आपल्याकडे फारसे परिचित नाहीत.

मिसुरी राज्यातील जेफरसन सिटी येथील लिंकन विद्यापीठ ही प्राइड यांची कर्मभूमी. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून 1866 साली ही संस्था उभारली. समाजाच्या दानातून उभ्या राहिलेल्या आपल्या वसतिगृहांची व शाळांची आठवण हे वाचताना कोणाला होणार नाही?

तेथील पत्रकारिता विद्यालयाचा जन्म मात्र अन्यायातून झाला. मिसुरी विद्यापीठाने 1939 साली ल्युसिल ब्लूफर्ड या पत्रकार युवतीला कागदोपत्री प्रवेश दिला आणि ती प्रत्यक्ष दारात येताच तिचा वर्ण पाहून नाकारला. ब्लूफर्ड न्यायालयात गेल्या. तिला आत घेण्याऐवजी विद्यापीठाने पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रमच बंद केला, आणि 1942 साली लिंकनमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विद्यालय निघाले. पाणवठा वेगळा करून देण्याचाच हा प्रकार होता. त्याला आम्ही उपकार म्हणणार नाही. परंतु प्राइड यांच्या हाती या विद्यालयाची धुरा आली आणि विभक्ततेच्या सोयीसाठी काढलेल्या या जागेतून त्यांनी पत्रकारांच्या पिढ्या घडवल्या.

त्यांचे खरे मोठेपण संशोधनात आहे. कृष्णवर्णीयांची पत्रे जतन करण्याची तसदी मोठ्या ग्रंथालयांनी क्वचितच घेतली होती. स्वस्त कागद पिवळा पडून हातात चुरा होई. कित्येक पत्रांचा एखादाच अंक उरला होता, कित्येकांचे केवळ नाव. कोणते पत्र कोठे निघाले, त्याचे कोणते अंक कोठे उपलब्ध आहेत, याची नोंद प्राइड यांनी चिकाटीने केली. 1827 ते 1950 या कालखंडातील कृष्णवर्णीय वृत्तपत्रांची ही सूची व इतिहास हाच त्यांचा प्रबंध. त्यावर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने त्यांना 1950 साली डॉक्टरेट दिली. याच सुमारास त्यांच्या मार्गदर्शनाखाली उरलेल्या अंकांचे मायक्रोफिल्मवर चित्रण झाले आणि 1953 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांची यादी प्रसिद्ध केली. मूळ कागद नष्ट झाले तरी मजकूर वाचला.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. साधन नसेल तर इतिहास लिहिता येत नाही, हे रोज अनुभवतो. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक वसंत मून यांच्या संपादनाखाली 1990 साली ग्रंथरूपाने आले, म्हणून आजचा विद्यार्थी ते वाचू शकतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत 'जनता' किंवा 'प्रबुद्ध भारत'चा अंक असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नये, एवढी विनंती येथे केल्यावाचून राहवत नाही.

प्राइड यांनी तीन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांचा समग्र इतिहास लिहिण्याचे त्यांचे काम हयातीत पुरे झाले नाही. त्यांच्या मागे हॉवर्ड विद्यापीठातील प्राध्यापक क्लिंट विल्सन यांनी ते हस्तलिखित पूर्ण केले आणि 1997 साली तो ग्रंथ दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर पहिले नाव प्राइड यांचे आहे.