अपुरा राहिलेला अभ्यास

१९२० सालच्या जुलै महिन्यात मुंबईच्या एका महाविद्यालयातील माजी प्राध्यापक आगबोटीने इंग्लंडला निघाले. त्यांचे वय एकोणतीस वर्षांचे होते. मागे पत्नी होती, लहान मुलगा होता आणि गरिबीचा संसार होता. गाठीशी स्वतःची थोडी शिल्लक आणि एका मित्राने उसने दिलेले पाच हजार रुपये होते. पगाराची नोकरी सोडून हे गृहस्थ पुन्हा विद्यार्थी व्हावयास चालले होते. ते होते भीमराव रामजी आंबेडकर.

मुलांनो, ह्या वयात परीक्षेच्या बाकावर पुन्हा जाऊन बसण्याची पाळी त्यांच्यावर का आली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे. ते आपल्या कोकणातच, मंडणगड तालुक्यात आहे. वडील रामजी हे लष्करात सुभेदार होते. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, आणि बालपणाची काही वर्षे दापोलीस व साताऱ्यास गेली. ते ज्या महार जातीत जन्मले, तिला त्या काळी लोक अस्पृश्य मानीत. शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची सोय नव्हती. शिपायाने तोटी सोडली, तरच पाणी मिळे. अशा स्थितीत ते १९०७ साली मॅट्रिक झाले व १९१२ साली बी. ए. झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी शिष्यवृत्ती दिली, आणि १९१३ साली ते अमेरिकेत न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

अमेरिकेतला अभ्यास संपवून १९१६ साली ते लंडनला आले. तेथे त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले : अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये. हे 'इन' म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. लंडनमध्ये वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत. ज्याला बॅरिस्टर व्हायचे असेल, त्याने त्यांपैकी एकीचा सभासद व्हावे लागे. परीक्षा तर द्यावी लागेच, परंतु त्याशिवाय ठरावीक सत्रांत संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवणही घ्यावे लागे. आपल्याला ह्याचे हसू येईल. पण बुजुर्ग वकिलांच्या पंक्तीला बसून नवशिक्याने त्यांची रीतभात उचलावी, असा त्यामागचा जुना हेतू होता. ज्याला स्वतःच्या देशात पंक्तीबाहेर बसवीत, तो तरुण येथे सर्वांच्या बरोबरीने पंक्तीस बसला, ही गोष्ट मला फार लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

परंतु वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परत यावे लागले. विद्यापीठाने एवढी सवलत दिली, की चार वर्षांच्या आत परत आल्यास राहिलेला अभ्यास पुढे चालू करता येईल. येताना त्यांनी आपली पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठविली. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली.

करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. तेथे त्यांना राहावयास कोणी जागा देईना. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकीत. नाइलाजाने ते एका पारशी विश्रामगृहात जात लपवून राहिले. तेव्हा काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. एवढ्या पदव्या असूनही एक खोली मिळाली नाही. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. विद्यार्थ्यांना त्यांची व्याख्याने आवडत, तरी पाण्याच्या सामाईक भांड्यावरून सहकाऱ्यांपैकी काहींनी तक्रार केलीच.

अशा वेळी पुष्कळांनी मिळाले तेवढे पुरे म्हटले असते. आंबेडकरांनी मात्र परळच्या चाळीतील आपली राहणी तशीच साधी ठेवली. पगारातला एक भाग रमाबाईंच्या हाती घरखर्चाला देऊन उरलेला ते साठवू लागले. अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करावयाचा होता. शिवाय नोकरीत मान वर करून बोलता येत नाही, हे त्यांना बडोद्यात कळून चुकले होते. वकिलाला कोणी मालक नसतो. आपल्या समाजाचे गाऱ्हाणे मांडावयाचे, तर पोटासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागता कामा नये. शिल्लक पुरेशी नव्हती. ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राच्या कर्जाने भरून निघाली. चार वर्षांची मुदत सरत आली होती.

लंडनला पोहोचल्यावर त्यांचा जो दिनक्रम सुरू झाला, तो वाचताना आजही थकवा येतो. सकाळी निघायचे ते ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. दुपारच्या जेवणाला पैसे नसत, म्हणून ती वेळही वाचनातच जाई. ग्रंथालय बंद होईपर्यंत ते उठत नसत. रात्री खोलीवर परत आल्यावर पुन्हा वाचन. मध्यरात्रीच्या सुमारास भूक अनावर झाली, म्हणजे ते जवळचे पापड भाजून खात. आपल्याकडे पापड पानात डावीकडे वाढतात. येथे तेच जेवण होते.

पैशाची आणखी एक अडचण आली. १९२० च्या आरंभी एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत. १९२१ साली दीड शिलिंगाहूनही कमी मिळू लागले. म्हणजे तेवढ्याच रुपयांत आता जवळजवळ निम्मे दिवस निघणार! योगायोग असा, की ह्याच रुपयाच्या भावावर ते आपला प्रबंध लिहीत होते. अखेर त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांची मागणी केली. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार रेटीत होत्या. त्यांची गणना कोणत्याही परीक्षेच्या निकालात होत नाही. तथापि त्यांच्याशिवाय हा अभ्यास पुरा होताच ना.

१९२१ साली एम. एस्‌सी.ची पदवी मिळाली. १९२२ साली ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी त्यांनी डी. एस्‌सी.साठी प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला. तेवढ्यात पैसे संपले, आणि १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. प्रबंधात फेरफार करून त्यांनी तो येथून धाडला व त्याच वर्षी पदवी मिळविली.

आता वकिलीची सनद काढावयाची होती, पण तिची फी भरण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. पुन्हा भथेनाच मदतीस आले. १९२३ च्या पावसाळ्यात बॅरिस्टर आंबेडकर मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहिले. पक्षकार मात्र येईनात. अस्पृश्य वकिलाकडे काम कोण नेणार, आणि नेणारे जे गरीब, त्यांच्याजवळ फी कोठून असणार? कित्येक वर्षे त्यांनी खाजगी वर्गात व्यापारी कायदा शिकवून घर चालविले. पुढे १९३५ साली मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

दरम्यान १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हजारो बांधवांसह प्राशन केले. ते प्रकरण न्यायालयात गेले, आणि दहा वर्षांनी, १९३७ साली, उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत म्हणजे सरकार आणि कूळ ह्यांच्या मधला सारा गोळा करणारा मनुष्य. त्याच्या मर्जीवर कोकणातल्या कुळाचा भात आणि नाचणी अवलंबून असे. मग ते कूळ महार असो, कुणबी असो वा आणखी कोणी असो. १९३८ सालच्या मे महिन्यात आंबेडकरांनी कोकणचा दौरा केला. तेव्हा आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा बराच भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि ह्या दौऱ्यात ते कणकवलीलाही आले. रेल्वे तर सोडाच, त्या दिवसांत तेथवर पोहोचणेही सोपे नव्हते. त्यांचे ते विधेयक संमत झाले नाही. खोती संपली ती १९४९ च्या कायद्याने. त्या वेळी आंबेडकर स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री होते.