विल्यम शेक्सपियर (संशोधक)

विल्यम शेक्सपियर, कनिष्ठ (१८६९–१९५०) हे गळाच्या मासेमारीतील रिळात महत्त्वाची सुधारणा करणारे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. मिशिगन राज्यातील कॅलमाझू ही त्यांची कर्मभूमी. सुप्रसिद्ध इंग्रजी नाटककाराशी त्यांचे केवळ नामसाम्य आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतील घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी दंतचक्रांचे रीळ घडवले होते. त्याची मूठ एकदा फिरवली की फिरकीचे अनेक फेरे होत. मात्र दोरी अंगठ्याने फिरकीवर सारखी पसरावी लागे. एकाच जागी साचलेली दोरी पुढच्या फेकीत अडकून गुंता होई. १८९६ मध्ये शेक्सपियर यांनी यावर उपाय शोधला. मुठीबरोबर फिरणाऱ्या, उलटसुलट आटे असलेल्या दांड्यामुळे एक कडी फिरकीच्या दोन्ही टोकांदरम्यान ये-जा करते आणि दोरी आपोआप समान गुंडाळली जाते. १८९७ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली.

या रचनेमुळे सरावाने येणारे हस्तकौशल्य नवशिक्यांच्याही आवाक्यात आले. मस्की या उत्तर अमेरिकेतील मोठ्या शिकारी माशासाठी जड आमिषे वारंवार दूर फेकावी लागतात. त्यासाठी रीळ निवडताना जाड दोरी मावणाऱ्या फिरकीबरोबरच या यंत्रणेचा भक्कमपणाही पाहिला जातो.