वाटाण्याचा वेल आणि फाळक्यांचं घर

आमच्या महिला मंडळाची सहल यंदा लांब नेलीच नाही. वसईच्या किल्ल्यात गेलो. आम्ही अठ्ठावीस जणी आणि मागे पडक्या चर्चची भलीमोठी भिंत, एका फोटोत मावणार कशा? माझ्या लेकीने मग एकाच जागी उभं राहून, कॅमेरा थोडा थोडा वळवत, डावीकडून उजवीकडे सहा फोटो काढले. प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा तरी परत यायला हवा, म्हणजे दोन्हींतली तीच खिडकी, तोच दगड जुळवून कॉम्प्युटर ते जोडतो. उजेडाचं मापही एकच ठेवायचं, नाहीतर आभाळात पट्टे दिसतात. सगळं झ्याक झालं. फक्त एक मावशी पदर सारखा करायला हलल्या आणि नेमक्या जोडावर त्यांचं अर्धं अंग गायब! आम्ही हसलो, पण त्या हिरमुसल्या.

मला मात्र दादासाहेब फाळके आठवले.

धुंडिराज गोविंद फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला, तर प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, सरस्वतीबाई घरात आल्या. १९११ मध्ये गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला, सरस्वतीबाईंनाही दाखवला. (आम्हा वसईकरांना याचं जरा जास्तच अप्रूप!) आपले राम-कृष्ण असे पडद्यावर आले पाहिजेत, या एकाच ध्यासाने त्यांना पछाडलं. पाहून पाहून, जागरणं करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. औषधोपचारांनी दृष्टी परत आली आणि माणूस पुन्हा त्याच नादाला!

आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा ठेवला. दिवसामागून दिवस एकेक चित्र टिपत गेले. लेकीने कॅमेरा वळवला, समोरचं सगळं जागच्या जागी होतं. इथे उलट. कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नाही, वाढायचं ते वेलाने. ती चित्रं ओळीने पडद्यावर धावली आणि बी फुटून वेल चढताना पाहून लोक थक्क झाले. कर्ज मिळालं. तरी कमी पडलं, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले.

त्यांनी फक्त दागिने दिले असते तर मी हे लिहायला बसलेच नसते. कच्ची फिल्म तेव्हा भोकं न पाडलेली यायची. एका फुटात सोळा चित्रं आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटामागे एकशे अठ्ठावीस! ती अंधारात पाडायची, कारण उजेड लागला की फिल्म वाया. भोक जरा सरकलं की पडद्यावर चित्र थरथरणार. हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवत, चित्रीकरणाला उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडत. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! तारामतीची भूमिका कराल का, असंही यजमानांनी विचारलं होतं. त्यांनी नकार दिला. एवढा पसारा टाकून कधी करणार होत्या? शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला, सुमारे ३,७०० फुटांचा. पुढे नाशिकला बिऱ्हाड हललं. पैसा आला तसा गेलाही. बोलपट आल्यावर दादासाहेब मागे पडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. सरस्वतीबाईंचं नाव कोणाला ठाऊक आहे, असं मंडळात विचारलं तर दोनच हात वर झाले.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा किल्ल्यात चाललोय. लेकीने बजावलंय, मावशींना जोडावर उभं करायचं नाही. एकाच फोटोच्या मधोमध, अख्ख्या येतील अशा.